पंचशीलाबाईंची सुतळी

दुकानात जाऊन तुम्ही हजारोंचा माल ज्या सल्ल्यावर उचलता, तो सल्ला नेमका कुणाचा असतो, हे तुम्ही कधी विचारलंय का? विचारलं नसणार. मीही विचारलं नव्हतं. आणि मी तर अशा घरातला, जिथं पाळण्याच्या आधी पत्रकं आली. कळंबच्या मार्केट यार्डातल्या हमालांसाठी माझे वडील पत्रकं काढायचे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. इतर पोरं बाराखडी पाटीवर शिकली, मी ती शिल्लक राहिलेल्या पत्रकांच्या पाठीवर गिरवली. एका बाजूला अ, आ, इ आणि दुसऱ्या बाजूला 'राबणाऱ्याला त्याच्या श्रमाचं श्रेय मिळालंच पाहिजे'. असा मी तयार झालो. श्रेय कुणाला मिळतं याचा हिशेब जगाकडं मागायचा आणि स्वतःच्या घरात मात्र विचारायचं नाही, ही कला त्यातूनच आली.

कारण त्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी लेखक, प्रकाशक आणि वितरक अशा तीन जागा होत्या आणि तिन्ही जागी दादांचंच नाव असायचं. पत्रक छापायच्या मेणकागदावर टाइप करून स्टेन्सिल कोण कापायचं, हे कुठंच नसायचं. स्टेन्सिल कापायच्या पंचशीलाबाई.

बाईंचा पोस्टाच्या मागं टायपिंगचा क्लास होता. आठ मशीन आणि एक भिंतीवरचं घड्याळ. मी लहान असताना दादांचा मजकूर घेऊन तिथं जायचो. बाई मजकूर वाचायच्या, चष्म्यावरून माझ्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "दादांना सांग, एका पानात सात वेळा धिक्कार आलाय. तीन ठेवते." दादा घरी चिडायचे, पण तीनच राहायचे. पत्रक वाचून लोक दादांना म्हणायचे, तुमची भाषा लई मोजकी असती बरं का. दादा मान डोलवायचे.

पुढं टायपिंगचे दिवस गेले. बाईंचे यजमानही गेले. क्लास बंद झाला, ढोकी रस्त्याला लागताना कॉम्प्युटरचं दुकान आलं आणि बाईंच्या दिरानं, मिलिंदभाऊंनी, दुकानाची जबाबदारी घेतली. जबाबदारी घेतली म्हणजे पाटीवर स्वतःचं नाव घातलं. 'मिलिंद कॉम्प्युटर्स. विक्री, दुरुस्ती, गेमिंग स्पेशालिस्ट.' भाऊंचा शर्ट पांढरा, इस्त्रीचा. कानात ते निळा दिवा लुकलुकणारं यंत्र. त्यांना कुणी काहीही विचारलं, की ते गंभीर होत आणि म्हणत, "दोन मिनिटं हं. गोडाऊनमध्ये बघून सांगतो."

गोडाऊन म्हणजे काउंटरच्या मागं प्लायवूड ठोकून केलेली चिंचोळी खोली. तिथं पंचशीलाबाई बसायच्या.

मला गेमिंग पीसी घ्यायचा होता. हे वाक्य आज मी धीटपणे लिहितो, पण त्या दिवशी दुकानात ते मी इतक्या हळू आवाजात बोललो, की मिलिंदभाऊंना वाटलं मला काहीतरी चोरीचं विकायचंय. दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवून पैसे साठवले होते. क्रांतीला अजून थोडा वेळ आहे असं दिसत होतं. तोवर, म्हटलं, संध्याकाळी तासभर खेळावं.

"बजेट बोला, लेखक," भाऊ म्हणाले. मी बोललो. ते गोडाऊनमध्ये गेले. आत टाइपरायटर चालू होता, तो थांबला. मग एक सपाट आवाज ऐकू आला. "बसतो कुठं, विचारा."

भाऊ बाहेर आले. "तुम्ही बसता कुठं?"

"खुर्चीवर."

भाऊ आत गेले. बाहेर आले. "खिडकी कुठल्या अंगाला हाय?"

"डाव्या."

आत गेले. बाहेर आले. "खोलीवर पत्रा हाय का स्लॅब?"

चौथ्या फेरीला प्लायवूडच आतून वैतागलं. "पाठवा त्याला हिकडं. निरोप नेऊन नेऊन जोडे झिजतील तुमचे."

आत टेबलावर कॉम्प्युटरचं एक उघडं कॅबिनेट होतं आणि शेजारी तो जुना मराठी टाइपरायटर. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, सुती पातळ, दंडावर मनगटापर्यंत सरकवता येणारा रबर, त्यात एक छोटा स्क्रूड्रायव्हर खोवलेला. मागं खिळ्यांवर वीसपंचवीस सुतळीचे तुकडे टांगलेले, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. एखाद्या शेतसारा गोळा करणाऱ्या कचेरीत आलोय असं वाटलं.

"जय भीम, बाई."

"जय भीम. दादांचा पोरगा ना तू? लई मोठं पत्रक काढलं व्हतंस. 'खेळ नव्हे, सापळा'."

मी म्हणालो, ते पैसे लावून खेळायच्या मोबाईलच्या खेळांविरुद्ध होतं.

"पहिल्या परिच्छेदात तसं व्हतं. तिसऱ्या परिच्छेदात तू सगळेच खेळ गाडलेस. लगोरी बी वाचली न्हाय. मीच केलंय टाइप, मला सांगू नको." आणि लगेच, त्याच आवाजात, "कार्ड कोणतं बघून आलायस?"

मी बघून आलो होतो. महिनाभर इंटरनेटवर दुसरं काहीच बघितलं नव्हतं. तीन पंख्यांचं, कडेनं सप्तरंगी दिवे असलेलं एक ग्राफिक्स कार्ड माझ्या मनात बसलं होतं. मी त्याची महती सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकली.

"अन पडदा?"

"मॉनिटर ना? तो काय, उरलेल्या पैशात जो येईल तो."

बाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "पोरगी बघायच्या आधी मंडप बांधायलास व्हय? आधी पडदा, मग कार्ड. किती माणसांच्या भाकरी करायच्यात हे ठरल्यावर तवा घेतेत. तू सव्वा हाताचा तवा घेऊन एका माणसाला जेवू घालायला निघालायस. न्हायतर उलटं. वाटीभर पिठाला गावजेवणाचं आवतण."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मी आजवर कुठल्याही इंग्रजी व्हिडिओत इतकं सरळ ऐकलेलं नाही. पडदा म्हणजे लाखो बारीक ठिपके. ते सगळे ठिपके सेकंदाला अनेकदा नव्यानं रंगवायचे काम कार्डाचं. पडदा जितका बारीक विणीचा, तितके ठिपके जास्त, तितकं कार्ड जास्त राबणार. हलती चित्रं खेळायची तर पडदा चपळ पाहिजे, सेकंदाला शंभरच्या वर वेळा चित्र बदलणारा. आणि तेवढी चित्रं पुरवायची ताकद कार्डात पाहिजे. पडदा मोठा आणि कार्ड अशक्त असलं, की खेळ ठेचकाळत चालतो. कार्ड दांडगं आणि पडदा मंद असला, की पैसे पाण्यात.

"अन दिवे?" मी विचारलं.

"दिवे कपाटात बसलेल्या कार्डाला लागतेत, विकायचं असतंय म्हणून. तुझ्या घरात ते टेबलाखाली जाणार. टेबलाखाली कुणाला दिवाळी दाखवायचीय?"

मग सुतळी. बाईंचा नियम असा, की खेळायला जो बसणार त्यानं आपल्या खुर्चीवर ताठ बसायचं, डोळ्याच्या कोपऱ्यापासून पडदा जिथं उभा राहणार तिथपर्यंत सुतळी ताणायची, तेवढी तोडायची आणि दुकानात आणायची. मीटरपट्टीनं मोजून आकडा सांगितलेला चालायचा नाही. "आकडा माणूस वाढवून सांगतो. पगारासारखं. सुतळी न्हाय सांगत." सुतळी दीड हात भरली तर चोवीस इंचांचा पडदा. दोन हात भरली तर सत्तावीस. त्याच्या पुढं मागितलं, तर त्या म्हणायच्या, टीव्ही घ्या अन बाजंवर पडून बघा.

मी सुतळी घेऊन दुसऱ्यांदा गेलो, त्या दिवशी येरमाळ्याहून एक बप्पा आले होते. डोक्याला टोपी, काखेत कॅबिनेट, जसं काही आजारी कोकरू दवाखान्यात आणलंय. नातवाला भारी कार्ड घेऊन दिलं होतं, तरी खेळ बैलगाडीसारखा चालतोय, अशी तक्रार. बप्पांना मिलिंदभाऊ दिसले नाहीत, ते बाहेर फोनवर होते. बप्पांनी प्लायवूडच्या आत डोकावलं, बाईंना बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "माणूस कुठं गेलाय?"

"येतील. तुमी बसा," बाई म्हणाल्या.

भाऊ आले. त्यांनी कॅबिनेटवर बोटांनी ठकठक केलं, कान लावला आणि निदान केलं. "कार्ड कंपनीकडूनच खराब आलंय, बप्पा. नवं टाकावं लागल."

बाईंनी आतून फक्त विचारलं, "घरी केबल कुठं लावली व्हती?"

बप्पांना आठवत नव्हतं, पण मोबाईलमध्ये नातवानं पूजेचा फोटो पाठवलेला होता. कॅबिनेटला हळदकुंकू, वर लिंबूमिरची, समोर नारळ. फोटोत कॅबिनेटची मागची बाजू आरशात दिसत होती. बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला. मॉनिटरची केबल वरच्या भोकात होती, म्हणजे मदरबोर्डाच्या. कार्डाची भोकं खाली आडवी, मोकळी.

सांगायला सोपं आहे. ही दोन भोकं एकसारखीच दिसतात. वरच्यात केबल लावली तरी पडद्यावर चित्र येतं. म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त ते चित्र कार्ड काढत नसतं. प्रोसेसरच्या पोटातली एक लहानशी चिप एकटी राबत असते, आणि तीन पंख्यांचं, दिव्यांचं कार्ड शेजारी आरामात बसलेलं असतं.

माझ्यातला पत्रकवाला उसळला. "म्हणजे बघा बाई, राबणारं एक आणि पाटीलकी दुसऱ्याची. हेच तर—"

"भाषण नको. ती केबल दे."

त्यांनी केबल खालच्या भोकात लावली. मग पंख्यात तोंड घालून फुंकर मारली. कुंकू उडालं. "लक्ष्मी येईल बप्पा, पण पंख्यातून न्हाय. अन मागून मच्छरदाणीची जाळी लावा, सोयाबीनची मळणी चालू झाली की भुसा जातो आत."

खेळ चालू करून बघायचा होता. बाईंची तपासणीची एक पद्धत होती, ती बघायला मी पैसे मोजले असते. त्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ लावायच्या आणि टायपिंगला बसल्यासारख्या बसायच्या. पाठ ताठ, बोटं आपापल्या कळांवर, चेहरा परीक्षा घेणाऱ्या मास्तरणीचा. बरोबर पंधरा मिनिटं चालवायच्या. शेजारून गाड्या एकमेकींना धडका देत जात असायच्या आणि बाई खेळातल्या रस्त्यावरच्या लाल दिव्याला थांबायच्या. मी एकदा म्हणालो, बाई, इथं थांबायची गरज नाही, सगळे तोडतात. त्या म्हणाल्या, "सगळे तोडतेत म्हणूनच पहिला नंबर माझा येत न्हाय. तपासायचं कार्ड हाय, मला न्हाय."

खेळ पाण्यासारखा चालला. बप्पा खूश. बाहेर जाताना त्यांनी मिलिंदभाऊंचा हात दोन्ही हातांत धरला. "तुमच्या हाताला गुण हाय भाऊ."

"सेटिंग केली थोडी," भाऊ म्हणाले.

प्लायवूडच्या मागं टाइपरायटर पुन्हा चालू झाला होता. बाई माझी चिठ्ठी टाइप करत होत्या. हीसुद्धा त्यांची पद्धत. प्रत्येक गिऱ्हाइकाला काय घ्यावं याची चिठ्ठी टाइप करून द्यायच्या, खाली सही करायच्या. कॉम्प्युटरच्या दुकानात बसून टाइपरायटर कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, "कॉम्प्युटरवरचं कुणीबी बदलतंय अन दिसत न्हाय. हे खोडलं तर दिसतंय." माझ्या चिठ्ठीवर होतं: मॉनिटर चोवीस इंच, साधी फुल एचडी, एकशे चव्वेचाळीस हर्ट्झ. कार्ड आठ जीबीचं, दोन पंख्यांचं, बिनदिव्याचं. पॉवर सप्लाय चांगला, स्वस्तातला नको. पत्र्याची खोली, म्हणून कॅबिनेटला पुढून जाळी. तळाशी सही. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

"हे घे," त्या म्हणाल्या, "अन दुसरं काय दिलं तर घेऊ नको. ह्या सहीवर माझं नाव हाय. बाकी ह्या दुकानात माझं नाव कुठंच न्हाय."

त्या हसत नव्हत्या. मला कळायला हवं होतं.

माल घ्यायला गेलो, त्या दिवशी बाई भाचीच्या लग्नाला भूमला गेल्या होत्या. काउंटरवर मिलिंदभाऊ एकटे. त्यांच्याकडं बत्तीस इंचांचे, फोर के मॉनिटर आले होते, बारीक विणीचे, भिंत झाकणारे, आणि ते खपवायचे होते. शेजारी एक कार्ड, चारच जीबीचं, पण त्याला दिवे असे, की बघून गल्लीतला गणपती लाजावा.

"हे तुमच्यासाठी काढून ठेवलंय," भाऊ म्हणाले.

मी म्हणालो, बाईंनी वेगळं लिहून दिलंय.

"वहिनीचं बरोबरच हाय. पण ते साध्या पोरांसाठी, लेखक. तुमी विचारवंत माणूस. विचारवंताला पडदा मोठा पाहिजे."

आता वाचकहो, मला सांगा, ह्यावर कुणी काय उत्तर द्यावं? सत्तेच्या खुशामतखोरीवर मी दोन पत्रकं लिहिलेली आहेत. लोक कसे फसतात, त्यांच्या अहंकाराला कसं गोंजारलं जातं, याचं सविस्तर विवेचन त्यात आहे. मी मॉनिटरकडं बघितलं. त्यात माझं प्रतिबिंब दिसत होतं, मोठं. मी तो घेतला. दिव्यांचं कार्डही घेतलं. चिठ्ठी खिशातच होती.

घरी दीड हातावर तो बत्तीस इंची पडदा उभा केला. डाव्या कोपऱ्यात शत्रू आला की उजव्या कोपऱ्यातली बंदूक दिसायची नाही. मान दोन्हीकडं फिरवून फिरवून दुसऱ्या दिवशी आईनं बाम लावून दिला. आणि खेळ चालेना. माणूस पळायला लागला, की एक पाऊल टाकून उभा राहायचा, विचार करायचा, मग दुसरं टाकायचा. आठवड्याच्या बाजारात थांबून थांबून वांगी बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. दिवे मात्र छान फिरत होते. मी पाठीमागं जाऊन केबल बघितली. ती बरोबर होती. चूक भोकाची नव्हती.

दादा दारातून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "हाच का तुझा सापळा?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. सोमवार होता, बाजाराचा दिवस, काउंटरला गर्दी. मी कॅबिनेट काउंटरवर आदळलं आणि बोलायला लागलो. मला बोलता येतं. ग्राहकाची लूट, ग्रामीण भागाला दुय्यम माल, फसवणुकीची साखळी. लोक वळून बघायला लागले. एकानं मोबाईल काढला. मी आणखी उंच आवाजात बोललो.

मिलिंदभाऊंच्या कपाळावर घाम आला. मग ते काउंटरवर वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, समजुतीच्या सुरात म्हणाले, "लेखक, रागावू नका. वहिनीनं काढून दिलं तुमचं. बाईमाणूस हाय, ह्यातलं कळत न्हाय तिला. चुकलं असंल. मी बदलून देतो."

गर्दीतनं कुणीतरी म्हणालं, व्हय, बायकांना काय कळतंय ह्यातलं.

माझ्या खिशात ती चिठ्ठी होती. सही असलेली. मला फक्त हात खिशात घालायचा होता. पण चिठ्ठी काढली, की तिच्यावर जे लिहिलंय ते आणि मी जे घेतलंय ते वेगळं, हे दिसणार होतं. म्हणजे मला सांगितलेलं असून मी ऐकलं नाही, एका गोड शब्दावर विकला गेलो, हे त्या मोबाईलवाल्यासमोर दिसणार होतं. इतक्या तडफदार भाषणानंतर ते बरं दिसलं नसतं.

मी हात खिशात घातला नाही. मी गप्प उभा राहिलो. दादांच्या सगळ्या पत्रकांतला सगळा धिक्कार, सातच्या सात, त्या पत्रकांतच राहिला.

प्लायवूडच्या मागं टाइपरायटर थांबला होता. लग्नाहून परतलेल्या बाई बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्यांना काउंटरच्या पुढच्या बाजूला उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघत होतो, आणि मला वाटतं काउंटरनंही. त्यांच्या हातात कागदांचा एक गठ्ठा होता, पातळ, निळसर. कार्बन कॉप्या. टायपिंगच्या बाईला कॉपी काढल्याशिवाय कागद बाहेर काढता येत नाही, ही सवय क्लासपासूनची. प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत त्या ठेवत होत्या आणि कुणाला माहीत नव्हतं.

त्यांनी एक कागद काढला आणि काउंटरवर, माझ्या कॅबिनेटच्या शेजारी ठेवला. बोटानं ओळी दाखवल्या. "चोवीस इंच. आठ जीबी. ही माझी सही. अन हे," त्यांनी दिव्यांच्या कार्डावर बोट ठेवलं, "हे ह्या कागदात कुठं हाय, वाचून दाखवा."

मोबाईलवाल्यानं मोबाईल कागदावर नेला.

भाऊ म्हणाले, "वहिनी, आत बसा, बघतो मी."

"आत बसूनच हे झालंय."

मग त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "तुझी प्रत खिशात हाय?"

मी होकाराची मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि कॅबिनेटचे स्क्रू काढायला लागल्या.

त्याच दिवशी माझं सामान बदलून मिळालं. बाईंनी स्वतः बसवलं, पंधरा मिनिटं गाडी चालवली, तीन लाल दिव्यांना थांबल्या. मी शेजारी उभा होतो. मला माफी मागायची होती, पण मी काहीतरी चळवळीतल्या स्त्रियांच्या सहभागाबद्दल बोलत होतो. त्यांनी पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, "लग्नात मठ्ठा लई आंबट व्हता. तू जेवलास का?"

पुढच्या महिन्यात दुकानाला नवी पाटी आली. कार्बनवाला व्हिडिओ तालुक्यात फिरला होता आणि लोक येऊन बाईंची चिठ्ठी मागायला लागले होते. मिलिंदभाऊ हुशार माणूस. त्यांनी पाटीवर, आपल्या नावाखाली, ओळ घातली: 'वहिनींच्या सल्ल्यानुसार.' उद्घाटनाला पेढे वाटले. मला वाटलं, चला, न्याय झाला. मी तसं बाईंना म्हणालोही.

"वहिनी हे नाव न्हाय," त्या म्हणाल्या. "ते नातं हाय, अन तेबी त्यांचं." त्यांनी भाऊंना सांगितलं, नाव लिहा न्हायतर ओळ पुसा. भाऊ म्हणाले, पाटीचे पैसे दिलेत, आता कसं पुसायचं. बाईंनी खिळ्यांवरच्या सुतळ्या उतरवल्या, जुना टाइपरायटर पातळात गुंडाळला आणि त्या घरी गेल्या. भांडण नाही, आरडाओरड नाही. जाताना प्लायवूडच्या खोलीतला बल्ब तेवढा बंद केला.

माझ्या पापाची फेड म्हणून मी काय केलं, तेही सांगतो, कारण ते मला शोभेसं आहे. यार्डाच्या वजनकाट्याबद्दल नवं पत्रक काढलं आणि तळाशी, चौथ्या जागी, ठळक अक्षरांत घातलं: 'टंकलेखन: पंचशीलाबाई'. डोळ्यांत पाणी येईल असा प्रसंग मनात रंगवला आणि पत्रक घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाई ओसरीवर कुणाचा तरी पॉवर सप्लाय उघडून बसल्या होत्या. त्यांनी पत्रक वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे कुणी टाइप केलं?"

"मीच. मोबाईलवर."

"मग माझं नाव कशाला? जे केलं त्याचं कधी घातलं न्हाईस, न केलेल्याचं घालायलास. खोटं श्रेय मला नको. अन त्या दिवशी खिशात व्हतं ते काढायचं व्हतं. तेवढं पुरलं असतं."

त्यांनी मला पत्रक परत दिलं. त्यात पाच धिक्कार होते. दोन त्यांनी पेन्सिलीनं खोडले होते.

मला छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली आणि मी कळंब सोडलं. पीसी बरोबर नेला. चोवीस इंच, दीड हात. दोन उन्हाळे गेले, एकदाही ठेचकाळला नाही. कळंब सोडताना एसटी गावातून बाहेर पडत होती, तेव्हा मी खिडकीतून बाईंचं घर बघितलं. दारावर पाटी नव्हती, टाइप केलेला एक कागद चिकटवला होता. बसच्या वेगातही वाचता आला, कारण त्यात मोजकेच शब्द होते. 'पंचशीला. आधी पडदा, मग कार्ड. सुतळी घेऊन या.'

ओसरीवर येरमाळ्याचे बप्पा खुर्चीत ताठ बसले होते. टोपी सरळ, सुतळीचं एक टोक डोळ्याच्या कोपऱ्याला घट्ट धरलेलं, श्वास रोखलेला. नातवाच्या जागी आजा मोजून घेत होता, हे बाईंच्या नियमात बसत नव्हतं, आणि बहुधा त्या तेच सांगत होत्या. मला त्यांची फक्त पाठ दिसली. त्या सुतळीचं दुसरं टोक ओढून धरून उभ्या होत्या. बप्पा मान हलवून काहीतरी ऐकत होते. यावेळी माणूस कुठं गेलाय, असं ते विचारत नव्हते.

तर एक विनंती आहे, आणि ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. आज घरी गेलात की कॉम्प्युटर थोडा पुढं ओढा, मागं हात घाला आणि मॉनिटरची केबल कुठं लागलीय ते बघा. वरच्या भोकात असेल तर काढा, खाली कार्डाच्या भोकात लावा. खेळ पळायला लागेल. घरातलं कुणीतरी विचारेल, हे तुला कुणी सांगितलं? तेव्हा कळंबच्या एका बाईनं असं म्हणू नका. कुणाच्या तरी वहिनीनं असंही म्हणू नका. आणि माझं नाव तर मुळीच घेऊ नका, मी त्या दिवशी खिशात हात घातला नव्हता. पंचशीला म्हणा. तेवढं पुरेल.